दुसऱ्याच दारचं ‘ठीक आहे’

“...पण मग चूक माझी कुठे झाली, तेवढं तरी सांगा ना, बुवा!”

आत्मारामबुवा पायरीवर बसून आमसुलं निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“झाली म्हणालो का मी?”

“मग कुणाची झाली?”

बुवांनी एक आमसूल उजेडाकडे धरलं. उजेड कुठला, धुकंच होतं. तरी धरलं, पाहिलं, परातीत टाकलं.

विचारणारा कौस्तुभ केळशीकर. पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. वर्षातून दोनदा आमच्या मठात येतो, बुवांच्या पायाशी बसतो आणि जाताना आम्हालाच चार गोष्टी शिकवून जातो. हुशार आहे. हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

मी मठात भात रांधतो. चुलीपासून पायरी चार हातांवर, म्हणून सगळं ऐकू येतं.

झालं होतं ते असं. मोतीबिंदूचं शिबिर होतं. शहरातल्या धर्मादाय दवाखान्याची बस येणार, यादीत नाव असेल त्याला घेऊन जाणार, डोळा करून परत आणून सोडणार. दरवर्षी आम्ही नावं वहीत लिहायचो. यंदा कौस्तुभने वही बंद करवली. फोनवर पान तयार केलं. नाव लिहा, बटण दाबा, हिरवी खूण आली की नोंद झाली.

“पान हलतसुद्धा नाही,” असं तो प्रत्येकाला बोलावून दाखवायचा. “विनंती मागच्या मागे जाते, उत्तर मागच्या मागे येतं. तुम्हाला कळतही नाही.”

ते मात्र खरं निघालं. आम्हाला कळलंच नाही.

साठ माणसांनी नावं दिली. शुक्रवारी बस आली तेव्हा यादीत एक्केचाळीसच होती. एकोणीस माणसं गाठोडी घेऊन अंगणात उभी राहिली आणि बस गेली.

नावं द्यायला हे एकोणीसही जण दुपारच्या होडीने आलेले, खाडीकाठच्या तांडेलवाडीचे. त्यांना आणणारा धाकू तांडेल. शेवटचं नाव त्याचंच होतं. त्याचा एक डोळा कधीच गेलाय, दुसरा साय धरल्यासारखा झालाय. होडी तो सवयीने हाकतो. शुक्रवारी नवा सदरा घालून आला होता. बस गेल्यावर त्याने गाठोडं उचललं आणि धक्क्याकडे चालू लागला. मला फार वाईट वाटलं.

नावं घ्यायला बसल्या होत्या कुंदाताई. बत्तीस वर्षं शाळा चालवलेली बाई. कौस्तुभ भर अंगणात त्यांना म्हणाला, “ताई, तुम्ही बटण दाबलं नसणार.”

“मी हिरवी खूण बघितली,” ताई म्हणाल्या.

“बघितल्यासारखं वाटलं असेल.”

त्या आत निघून गेल्या. तेव्हापासून त्यांनी फोनला हात लावलेला नाही.

आता शनिवारची सकाळ. दवाखान्याने रविवारी आणखी एक बस कबूल केली होती, यंदाची शेवटची. दुपारी बारापर्यंत यादीत जी नावं येतील, ती माणसं. त्यानंतर थेट पुढच्या वर्षी. आणि धाकूचा डोळा पुढच्या वर्षापर्यंत थांबेल असं मला तरी वाटत नव्हतं.

“आज पहाटे मी ताईंचा फोन उघडून पाहिला,” कौस्तुभ म्हणाला. आवाज खाली आला होता. “त्यांनी बटण दाबलं होतं, बुवा. एकोणीसही वेळा.”

“मग?”

“एकोणीसही वेळा सर्व्हरकडून उत्तर आलंय. सर्व्हर म्हणजे तिकडचं मोठं मशीन, जिथे यादी राहते ते. दोनशे आकडा आलाय. दोनशे म्हणजे ठीक आहे, पोचलं. आणि यादीत एकही नाव नाही. हे होऊच शकत नाही.”

“ताईंना सांगितलंस?”

“काय?”

“त्यांनी बटण दाबलं होतं म्हणून.”

“कारण सापडू दे. मग सांगतो.”

बुवांनी परात बाजूला सारली.

“बुवा, मी आज ती नावं परत भरली आणि परत तसंच झालं तर? हिरवी खूण येईल, आणि उद्या पुन्हा बस...”

“एक काम कर. धाकूला विचारून ये, उद्याच्या बसला येतोस का. तो काय म्हणतो ते मला येऊन सांग.”

“आत्ता? बारापर्यंत मला—”

“आत्ता.”

कौस्तुभने माझ्याकडे पाहिलं. मी भाताकडे पाहिलं.

तो उठला, पायऱ्या उतरला. चौथ्या पायरीपर्यंत दिसला. मग धुक्याने त्याला घेतलं.

पुढचं त्यानेच मला नंतर सांगितलं.

खाडीच्या कडेने वाट जाते. त्या वाटेला एका अंगाला पाणी आहे हे फक्त आवाजावरून कळत होतं. धक्का कधी मागे गेला ते त्याला समजलं नाही. आपण चालतोय की वाटच आपल्याखालून सरकतेय असं त्याला वाटत होतं म्हणे. थंडीतलं आमचं धुकं तसंच आहे. नवख्या माणसाला त्यात झोप लागल्यासारखं होतं.

तांडेलवाडीत धाकूचं घर. दाराला कुलूप.

शेजारच्या ओटीवरून बाईचा आवाज आला. बाई दिसली नाही.

“धाकूतात्या? पुतन्याकडं बघा. वरच्या आळीत.”

तो वरच्या आळीत गेला. अर्धवट उघड्या दारात एक सून उभी होती, कडेवर झोपलेलं पोर.

“हितं नाय ते. सोसायटीत विचारा.”

तो सोसायटीत गेला. मच्छीमारांची सोसायटी, एक खोली, जाळ्यांचा वास. आत मफलर गुंडाळलेला एक गृहस्थ चहा पीत होता. फार अदबीचा माणूस. उठून उभा राहिला, खुर्ची दिली.

“मठातून आलात? वा, वा.”

“धाकू तांडेलांना उद्याच्या बसला यायचंय. येतील का?”

“येतील की! का नाही येणार? ठीक आहे, सांगा बुवांना. सगळं ठीक आहे.”

कौस्तुभला बरं वाटलं. कालपासून त्याला एवढ्या गोडीने कुणी उत्तर दिलं नव्हतं. परतीच्या वाटेवर त्याने शीळ घातली, तेवढी मात्र मला इकडे ऐकू आली.

तो आला तेव्हा भात उतरला होता.

“येतो म्हणाला,” कौस्तुभने पायरीवर बसत सांगितलं.

“वा,” बुवा म्हणाले. “डोळा कसा आहे त्याचा?”

“म्हणजे... डोळा मी नाही पाहिला.”

“सदरा कुठला होता अंगात? कालचा नवा, की नेहमीचा?”

“बुवा, तो घरी नव्हता. पण उत्तर मिळालं ना. ठीक आहे म्हणून सांगितलंय.”

बुवा उठले. अंगणात आंब्याची फांदी हाताशी येते, तिचं एक पान तोडलं. दवाने ओलं होतं. कौस्तुभचा उजवा हात धरून त्यांनी तो उघडा केला आणि तळव्यावर ते हिरवं पान ठेवलं.

“घे. नोंद झाली.”

कौस्तुभ हसला. आपली थट्टा चाललीय असं त्याला वाटलं, आणि थोडी होतीही.

मग त्याचं हसू कमी होत गेलं.

तो हाताकडे बघत राहिला. पानावरचं पाणी बोटांतून खाली गळत होतं. मी पळी खाली ठेवली.

“घराला कुलूप होतं...” तो स्वतःशीच म्हणाला.

“हं.”

“मला दुसऱ्या दारी पाठवलं. तिथून तिसऱ्या. मी गेलो. कुठे चाललोय याचा विचारच केला नाही... आणि शेवटच्या दारात जो भेटला, तो ठीक आहे म्हणाला. मी तेच घेऊन आलो.”

“गोड होता का माणूस?”

“फार.”

बुवा परत आमसुलांकडे वळले. कौस्तुभ तसाच बसून होता. मग एकदम माझ्याकडे वळला.

“काका, नावं घेतली त्या दिवशी पंगत किती वाजता बसली?”

“बाराला. नेहमीसारखी.”

“आणि ताई?”

“ताई वाढत होत्या. घंटा झाली की मठात कुणी हातातलं काम धरून बसत नाही. बुवासुद्धा उठतात. भाजी कुंदाताईंकडे होती.”

“किती वेळ?”

“तासभर. दुसरी पंगत झाली, मग त्या जेवल्या. मग परत टेबलाशी जाऊन बसल्या.”

कौस्तुभने कपाळाला हात लावला. पान अजून त्याच्या तळव्यालाच होतं, ते कपाळाला चिकटलं. त्याला कळलं नाही. मी सांगितलंही नाही.

“सर्व्हर अर्ध्या तासाने माणूस विसरतो,” तो म्हणाला. “मीच तसं ठेवलंय. फोन कुणाच्या हाती लागला तर नको म्हणून. पुण्यात मी महिनाभर हे तपासलं. पण तिथे मी एकटा खुर्चीत. तिथे भाजी वाढायला कोण उठतंय!”

“मग?” बुवा.

“ताई परत आल्या. समोर तेच पान. त्यांनी नाव लिहिलं, बटण दाबलं. विनंती गेली. सर्व्हर म्हणाला, तुला ओळखत नाही, ओळख सांगायचं दार पलीकडे आहे, तिकडे जा. आता फोनमध्ये पानं आणून देणारा एक ब्राउझर असतो. तो मुकाट्याने पलीकडे गेला. ताईंना विचारलं नाही, माझ्या कोडलाही विचारलं नाही. नाव वाटेतच पडलं. त्या दुसऱ्या दाराने आपलं पान हातात दिलं आणि म्हणालं, ठीक आहे. दोनशे. ते घेऊन ब्राउझर परत आला. मी काय पाहत होतो? फक्त दोनशे आलं की नाही. उत्तर कुठल्या पत्त्यावरून आलं, ते मी एकदाही पाहिलं नाही.”

त्याने आत सभामंडपाकडे पाहिलं.

“आणि मी त्यांना खोटं पाडलं. अंगणात. सगळ्यांसमोर.”

बुवांनी एक आमसूल बाजूला काढलं.

“कारण सापडलं म्हणायचं,” ते म्हणाले. “आता सांगणार होतास ना?”

कुंदाताई आत सभामंडपात समया पुसत होत्या. कौस्तुभ दारात जाऊन उभा राहिला.

“ताई, तुम्ही बटण दाबलं होतं.”

“दाबलं होतंच.”

“चूक माझी होती. मी चुकलो आणि तुम्हाला बोललो.”

ताईंनी समई खाली ठेवली. शाळेतली बाई, माफी मागणाऱ्या पोरांची त्यांना चांगली सवय.

“कपाळावर काय लावून घेतलंयस?”

त्याने हात लावून पाहिलं. पान खाली पडलं. ताई हसल्या, आणि मग पदराने डोळे पुसले.

मग तासभर कौस्तुभ लॅपटॉप मांडीवर घेऊन खांबाला टेकून बसला. मी चहा ठेवला तो तसाच गार झाला. मधूनमधून तो काय करतोय ते सांगत होता, कुणी विचारलं नसताना. पण आता त्या सांगण्यात ऐट नव्हती.

“मागच्या मागे आलेल्या विनंतीला यापुढे दुसऱ्या दारी पाठवायचं नाही. ओळखत नसेल तर सर्व्हरने तिथल्या तिथे ‘नाही’ म्हणायचं. आणि इकडे माझं कोड आधी बघेल, उत्तर जिथे विचारलं तिथूनच आलं का. नसेल तर हिरवी खूण नाही.”

“म्हणजे ते आता नाही म्हणणार?” मी विचारलं.

“हो, काका. तोंडावर.”

दहाच्या सुमारास त्याने फोन ताईंना दिला. सर्व्हरला मुद्दाम मिनिटभरात विसरायला लावलं होतं. ताईंनी मिनिट जाऊ दिलं, वाडीतल्या पारूबाईचं नाव लिहिलं, बटण दाबलं. पान लाल झालं.

नोंद झालेली नाही. मी तुम्हाला ओळखलं नाही. पुन्हा ओळख सांगा.

“हे बरं,” ताई म्हणाल्या. “याच्याशी बोलता तरी येईल.”

त्यांनी ओळख सांगितली. पारूबाईचं नाव पुन्हा पाठवलं. हिरवी खूण आली. कौस्तुभने यादी उघडली. पारूबाई यादीत होती. त्याने ती तीनदा उघडून पाहिली, तीनदाही होती.

अठरा नावं झाली. सगळ्यांना सोसायटीच्या फोनवरून, पुतण्याच्या फोनवरून विचारून झालं होतं, आणि या वेळी ताईंनी प्रत्येकाचा आवाज स्वतः ऐकला होता.

राहिला धाकू.

ताईंनी त्याचं नाव लिहिलं. बोट बटणावर नेलं.

“थांबा,” कौस्तुभ म्हणाला.

“का रे? येतो म्हणाला ना?”

“म्हणाला तो धाकू नव्हे, ताई. दुसराच कुणीतरी म्हणाला.”

साडेदहा झाले होते. कौस्तुभ पुन्हा पायऱ्या उतरला. या वेळी तांडेलवाडीला गेला नाही. खाली धक्क्यावर जाऊन नुसता उभा राहिला, कान देऊन.

धुक्यात लाकडावर लाकूड हळूच आपटल्याचा आवाज येत होता. होडी तिथेच बांधलेली होती आणि धाकू तिच्यात बसला होता. सकाळपासून. धुकं असलं की होडी सोडत नाहीत, पण धाकूला घरी करमत नाही. सकाळी कौस्तुभ त्याच्या दहा पावलांवरून गेला होता.

“कोन हाय?”

“मी. मठातला. कौस्तुभ. तात्या, उद्या बस येतेय. याल का?”

“नाय.”

कौस्तुभ धक्क्यावर खाली बसला. पाय पाण्याच्या दिशेने सोडले. पाणी दिसत नव्हतं.

“चूक माझी होती. ताईंची नव्हती.”

“ताईंची नव्हती ते म्हायत हाय मला.”

“तुमचं नाव मीच हरवलं.”

“बस सुटली तेवा तू खयं होतास?”

“आत... मशीन बघत होतो.”

“आमी अंगनात होतो.”

“...हो.”

धाकूने वल्ह्यावरून हात फिरवला. खाडी आपली होडीला झोके देत होती.

“उजाडलं काय रे पुरतं?” धाकूने विचारलं.

“उजाडलंय. पण धुकं आहे. मलाही काही दिसत नाही.”

“असं काय? मला वाटलं, माज्याच डोळ्याचं हाय.”

तो पहिल्यांदा थोडा हसला. मग गंभीर झाला.

“सगळ्या भावकीला सांगून आलो होतो, नाव लागलं म्हनून. परत गेलो तेवा मी एकेकाच्या दारात जाऊन सांगितलं, नाय लागलं. एकोनीस घरं फिरलो. दिसत नसताना. तुमच्यातला कोन आला नाय संगतीला. मी नाय येनार. जा, सांग बुवास्नी.”

कौस्तुभने त्याला समजावलं नाही. काय समजावणार होता? दोघं तसेच बसून राहिले. एकाला दिसत नव्हतं, आणि दुसऱ्याला त्या घटकेला त्याचं ते न दिसणंच दिसत होतं. मग कौस्तुभ उठला, वाकून त्याच्या पायांना हात लावला. धाकूने पाय मागे घेतले नाहीत, आणि आशीर्वादही दिला नाही.

तो वर आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. धुकं अंगणातून उठायला लागलं होतं. कुंदाताई फोन हातात घेऊन दारात उभ्या होत्या, पान उघडं, धाकूचं नाव लिहिलेलं.

कौस्तुभ बुवांच्या समोर बसला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही.

“बुवा, भेटला.”

“कसा आहे?”

“दमलाय. जुना सदरा आहे अंगात. डोळा... डोळ्यात काही उरलं नाही हो. उजाडलं का, ते मला विचारत होता.”

“काय म्हणाला?”

“नाही म्हणाला.”

बुवांनी हातातलं आमसूल परातीत टाकलं.

“एकोणीस घरं एकटा फिरला म्हणाला. आमच्यातला कुणी बरोबर नव्हता म्हणाला. तोंडावर म्हणाला, बुवा. येणार नाही. पाऊण तास आहे. ताई विचारतायत. नाव काढून टाकू?”

बुवांनी आमसुलांची परात माझ्याकडे सरकवली. हात झटकले. मग कुंदाताईंकडे पाहून म्हणाले,

“घाला नाव.”

“पण तो नाही म्हणालाय!” कौस्तुभ म्हणाला. “मला स्वतःला म्हणालाय!”

“तुला तोंडावर म्हणाला ना?...” आत्मारामबुवा म्हणाले. “मग बोलणं तुटलेलं नाही. येईल.”